ज्येष्ठमध : काचेतला गुण आणि अंगातला गुण

ज्येष्ठमधाची कांडी कधी चघळली नाही असा माणूस आपल्या नांदगाव पेठेत शोधूनही सापडावयाचा नाही. घसा बसला, खोकल्याची उबळ आली, भजनाच्या आदल्या रात्री आवाज घोगरा झाला, की किराणा दुकानातून कांडी आणावी आणि दाढेखाली धरावी, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. तेव्हा यावर व्याख्यान ते काय ऐकावयाचे, असे कोणास वाटले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पण गेल्या पाऊणशे वर्षांत ही कांडी हॉलंड, जपान, इटली, पुणे, फ्रँकफुर्ट अशी हिंडून २०२० साली पुन्हा आपल्याच दाराशी आली. आणि आली ती घशाचे औषध म्हणून नव्हे, तर विषाणूचा काळ म्हणून. त्या वेळी आमच्या कामगार बंधूंनी तिच्यावर बराच भरवसा टाकला. आम्ही डॉक्टर नव्हे आणि वैद्यही नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. परंतु जी वस्तू कामगाराच्या पोटात जाते तिचा हिशेब मागण्याचा हक्क कामगाराच्या संघटनेला आहे, एवढ्याच अधिकाराने आज बोलत आहोत.

प्रथम हे झाड कोणते ते पाहू. तूर आणि हरभरा ज्या कुळातले त्याच कुळातले हेही, म्हणजे आपल्या शिवाराचे दूरचे भावंड. परंतु ते आपल्या काळ्या मातीतले नव्हे. अफगाणिस्तान, इराण, मध्य आशिया, तुर्कस्तान, भूमध्य समुद्राचा काठ हा त्याचा मुलूख. तीन-चार वर्षे जमिनीत मुरल्यावर त्याची मुळे उकरतात, वाळवितात आणि कांड्या पाडतात. ज्याला आपण आजीबाईच्या बटव्यातले घरचे औषध म्हणतो ते असे परमुलखातून व्यापाऱ्यांच्या गाठोड्यात बांधून आलेले आहे. संस्कृतात याला यष्टीमधु म्हणतात, म्हणजे गोड काठी. बोलीत घासूनघासून त्याचे ज्येष्ठमध झाले. ज्येष्ठ महिन्याशी किंवा वडीलकीशी त्याचा संबंध नाही. ग्रीक लोकांनी दिलेल्या नावाचा अर्थही गोड मूळ असाच. ही गोडी ज्या द्रव्यामुळे येते त्याला आज ग्लिसिरायझिन म्हणतात, आणि ते साखरेच्या सुमारे पन्नासपट गोड असते. जाता जाता एक सांगून ठेवतो. आपल्याकडे विड्यात गोडीसाठी गुंजेचा पाला घालतात आणि गुंजेची मुळीही ज्येष्ठमध म्हणून खपविली जाते. गुंजेचे बी जहाल विषारी आहे. सोनाराच्या ताजव्यात ते ठीक. औषधाच्या पुडीत त्या वेलीचे काहीही बिनमाहितीचे येऊ देऊ नये.

चरकसंहितेत कंठाला हितकर अशा दहा द्रव्यांचा गण सांगितला आहे, त्यात ज्येष्ठमध ‘मधुक’ या नावाने आहे. ग्रीसमध्ये सुमारे २,३०० वर्षांपूर्वी थिओफ्रॅस्टसने या मुळीला सिथियन लोकांचे मूळ म्हटले आणि दम्यावर व कोरड्या खोकल्यावर ती चालते अशी नोंद केली. चीनच्या जुन्या वैद्यकात तर ही मुळी नाही असा काढा विरळा. एवढ्या दूरदूरच्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट लिहून ठेवली, की हिने घशाला आराम पडतो. ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून ती टिकली. आता काही उत्साही वक्ते म्हणतात, आमच्या ऋषींना विषाणूही ठाऊक होता. आम्हांस हे मान्य नाही. विषाणू नावाची वस्तू आहे हे १८९२ ते १८९८ च्या दरम्यान, तंबाखूच्या पानांवरील रोगाचा शोध घेताना रशिया आणि हॉलंड या देशांत उमगले. जे त्यांनी म्हटले नाही ते त्यांच्या तोंडी घालून चरकाचा मोठेपणा वाढत नाही. त्यांनी जे म्हटले ते पुरेसे आहे.

नव्या काळातील हकीकत सुरू होते ती हॉलंडमधल्या हेरेनवेन नावाच्या गावी. तेथील औषधविक्रेत्याकडे ज्येष्ठमधाचा अर्क मिसळलेले एक औषध मिळे, आणि जठरव्रणाच्या रोग्यांना त्याने बरे वाटते असे गावकरी सांगत. रेव्हर्स नावाच्या डॉक्टराने ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. त्याने तेच औषध आपल्या रोग्यांना देऊन पाहिले आणि १९४६ साली निष्कर्ष छापला. पोटाला आराम पडतो हे खरे निघाले. पण पाचांपैकी सुमारे एका रोग्याच्या तोंडावर आणि पायांवर सूज आली, कोणाचे डोके दुखू लागले, कोणाला धाप लागली. औषध कमी केले की सूज ओसरे. झाडपाल्याला दुष्परिणाम नसतो असे जे सर्रास बोलले जाते त्याला हे चोख उत्तर आहे, आणि ते ज्येष्ठमधाच्या वैऱ्याने नव्हे, त्याच्या चाहत्याने दिलेले आहे.

ही सूज का येते याचा उलगडा व्हायला आणखी चाळीस वर्षे लागली. १९८७ साली एडिंबरोच्या संशोधकांनी तो केला. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचा एक स्राव असतो. मूत्रपिंडात त्याने ढवळाढवळ करू नये म्हणून तेथे एक एन्झाइम पहाऱ्यावर बसलेले असते आणि ते कॉर्टिसॉलला निकामी करीत असते. ज्येष्ठमधातील द्रव्य या पहारेकऱ्यालाच झोपविते. मग कॉर्टिसॉल आत शिरते आणि मीठ राखून ठेवण्याचा हुकूम सोडते. अंगात मीठ-पाणी साचते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. पोटॅशियम फार उतरले की स्नायूंतले बळ जाते आणि हृदयाचा ठेका चुकतो. उन्हाळ्यात भट्टीशेजारी किंवा बॉयलरवर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अंगातून घामावाटे मीठ-पाण्याची उलथापालथ आधीच चाललेली असते. त्यात ही भर.

विषाणूकडे जाणारी वाट जपानमधून गेली. तेथे ग्लिसिरायझिनचे इंजेक्शन १९४० च्या दशकापासून प्रथम अंगावरच्या पित्तासारख्या तक्रारींवर आणि पुढे यकृताच्या दीर्घ दाहावर देऊ लागले. वर्षानुवर्षे, शिरेतून. १९९७ साली टोकियोच्या तोरानोमोन रुग्णालयाने यकृतदाह ‘क’ च्या रोग्यांचा जुना हिशेब मांडला. ज्यांना हे इंजेक्शन दीर्घकाळ मिळाले त्यांच्यात पंधरा वर्षांत यकृताचा कर्करोग शेकडा १२ जणांना झाला, ज्यांना मिळाले नाही त्यांच्यात शेकडा २५ जणांना. आकडा मोठा आहे. पण तो जुन्या नोंदी चाळून काढलेला आहे. कोणाला औषध द्यावे हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते. हॉलंडमध्ये त्याच सुमारास काही रोग्यांना गुणहीन पाणी आणि बाकीच्यांना औषध अशा कडक रीतीने चाचणी झाली, तेव्हा फार बोलका निकाल लागला. यकृताचा दाह दाखविणारे रक्तातले माप उतरले. रक्तातला विषाणू मात्र जेवढा होता तेवढाच राहिला. म्हणजे घर जळताना धूर कमी झाला, आग लावणारा घरातच होता. पुढे २०१३ नंतर या विषाणूवरच नेम धरणाऱ्या गोळ्या निघाल्या आणि त्यांनी शंभरातले नव्वदांहून अधिक रोगी बरे होऊ लागले. त्यांतल्या एका गोळीची अमेरिकेतील किंमत आरंभी हजार डॉलर होती. तीच भारतीय कारखान्यांत परवान्याने बनू लागल्यावर एवढी उतरली की गोरगरिबांनाही परवडू लागली. औषधाच्या इतिहासात गिरणी-कारखान्यातल्या हातांचाही भाग असतो, हे सांगण्याचा मोह आम्हांस येथे आवरत नाही.

आता काचेकडे वळू. १९७९ साली इटलीच्या सार्डिनिया बेटावरील काल्यारी विद्यापीठातून ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा निबंध आला. काचेच्या भांड्यात वाढविलेल्या पेशींवर विषाणू सोडले आणि त्यांत ग्लिसिरायझिनपासूनचे आम्ल घातले, तर एकमेकांशी नाते नसलेल्या अनेक विषाणूंची वाढ खुंटते, आणि नागिणीच्या कुळातला हर्पिस विषाणू तर कायमचा निकामी होतो, असे त्यात दाखविले होते. ज्येष्ठमधाच्या विषाणूविरोधी गुणाची पहिली भक्कम नोंद म्हणून आजही याच निबंधाचे नाव घेतात.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झाले आहे, आणि त्याची वाच्यता फार कमी आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर या नावाने सुरू झाली. आपल्या विदर्भाशी तिचे जुने नाते आहे. १९६५ साली नागपुरात तापाची साथ आली असता तिच्याच शास्त्रज्ञांनी रोग्यांच्या रक्तातून एक नवाच विषाणू वेगळा केला, तोच चांदीपुरा विषाणू. या संस्थेतील संशोधकांनी १९९० च्या दशकात देशी ज्येष्ठमधातून काढलेले ग्लिसिरायझिन निरनिराळ्या विषाणूंवर काचेत तपासले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात जपानी मेंदूज्वराचा विषाणू त्याने रोखला जातो असे आढळले. हा मेंदूज्वर लहान मुलांना मारतो, वाचलेल्यांना लुळे करतो, आणि तो आपल्या पूर्व विदर्भातील धानाच्या पट्ट्याला परका नाही. तरीही त्या पट्ट्यात पुढे जे वाटले गेले ते ज्येष्ठमध नव्हे, लस. आम्हांस हे संशोधनाचे अपयश वाटत नाही. काच आणि पाळणा यांत किती अंतर असते ते त्यावरून कळते.

२००३ साली सार्सची साथ आली. जगभर सुमारे आठ हजार लोक आजारी पडले आणि त्यांतले ७७४ दगावले. फ्रँकफुर्ट विद्यापीठाच्या रुग्णालयातील सार्सच्या रोग्यांपासून मिळविलेल्या विषाणूवर तेथील शास्त्रज्ञांनी पाच द्रव्ये तपासली आणि त्यांत सर्वांत सरस ठरले ग्लिसिरायझिन. ‘लॅन्सेट’ मध्ये ते छापून आले आणि जगभर बातम्या झाल्या. ज्येष्ठमधाने सार्स बरा होतो, एवढेच लोकांच्या कानी गेले.

पण त्या निबंधातला एक आकडा कोणी वाचला नाही. विषाणूची वाढ निम्म्याने रोखण्यासाठी दर लिटरला ३०० मिलिग्राम ग्लिसिरायझिन लागत होते. आता पगारपत्रक तपासतो तसा हा हिशेब तपासू या. धडधाकट माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. म्हणजे एकट्या रक्तातच ही मात्रा गाठायला दीड हजार मिलिग्राम हवे, आणि द्रव्य काही रक्तातच थांबून राहत नाही. जपानातले डॉक्टर दिवसाला शिरेतून देतात ते साधारण ८० ते २०० मिलिग्राम. तेही शिरेतून. तोंडाने घेतलेल्या ज्येष्ठमधाची गोष्ट आणखी वेगळी आहे. आतड्यातील जंतू ग्लिसिरायझिनचे जोडलेले तुकडे तोडतात, आणि रक्तात पोचते ते निराळेच आम्ल. विषाणूला थोपविणारे मूळ द्रव्य पोटातच मोडते. पहारेकऱ्याला झोपविणारे मात्र नेमके रक्तात जाते. गुण वाटेत गळतो आणि दोष मुक्कामी पोचतो! फ्रँकफुर्टच्याच शास्त्रज्ञांनी २००५ साली या द्रव्याची रचना बदलून ते तीव्र करून पाहिले. कित्येक पटींनी तीव्र झाले, पण पेशींनाही तितकेच घातक झाले.

ग्लिसिरायझिन काचेत काम कसे करते, याविषयी अनेक मते आहेत. ज्येष्ठमध हे रिठा आणि शिकेकाई यांच्याप्रमाणे फेसाळणारे द्रव्य बाळगते, आणि पेशीचे पातळ आवरण त्याने बदलते, त्यामुळे विषाणूला आत शिरणे अवघड जाते, असे एक मत. २०२१ साली जर्मनीतील एसेन येथील मंडळींनी करोनाच्या विषाणूची जी मुख्य कात्री असते, तिलाच हे द्रव्य अडकवून ठेवते असे दाखविले. मुळीच्या नुसत्या पाण्यानेही काचेत विषाणू थोपला. रिठ्याचा भाऊबंद म्हणून आम्हांस एवढेच सुचते की त्या दोन वर्षांत विषाणूचा फेस सगळ्यांत जास्त काढला तो हात धुण्याच्या साबणाने.

आता आपल्या दाराशी येऊ. एप्रिल २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने जो काढा सुचविला त्यात तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरी होती. ज्येष्ठमध त्यात नव्हते. ते लोकांनी आपल्या मनाने घातले. मात्र ७ मे २०२० रोजी केंद्र सरकारने आयुर्वेदिक औषधांच्या ज्या चाचण्या जाहीर केल्या, त्यांत अश्वगंधा, गुळवेल-पिंपळी आणि आयुष-६४ यांच्या जोडीला यष्टीमधु होते. त्या कामाच्या कृतिदलाचे अध्यक्ष पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन. चाचणी करणे हे योग्यच होते; आम्ही तर म्हणतो, अशाच मार्गाने जावे. परंतु चाचणी जाहीर झाली याचा अर्थ गुण सिद्ध झाला असा लोकांनी घेतला. आजवर एकट्या ज्येष्ठमधाने करोना टळतो किंवा बरा होतो असे कोणत्याही मोठ्या आणि काटेकोर चाचणीने सिद्ध झालेले नाही.

मग आला फेब्रुवारी २०२१. सारा देश मोकळा श्वास घेत असताना रोगी वाढू लागले ते आपल्या अमरावतीत. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झाले. २४ मार्चला केंद्र सरकारने सांगितले की महाराष्ट्रातील नमुन्यांत दोन बदल एकत्र झालेला विषाणू आढळत आहे. त्याच कुळातल्या एका शाखेला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने डेल्टा हे नाव दिले. आपल्या पेठेच्या औद्योगिक वसाहतीत त्या दिवसांत कापडाचे कारखाने आणि वीजकेंद्र यांतली माणसे पाळीला जात होती. एका कारखान्याच्या फाटकावर रोज सकाळी काढ्याची पिंपे ठेवलेली असत. फुकट, आणि हवा तेवढा. त्याच फाटकावर आम्ही मागणी केली, की ताप असलेल्या माणसाला पगारी रजा द्या, म्हणजे तो ताप लपवून पाळीला येणार नाही. काढ्याला कधी नाही म्हटले गेले नाही. रजेला म्हटले गेले. आणि माणूस ताप लपवून आलाच. कांडी दाढेत धरून आला, कारण खोकला ऐकू आला की परत पाठवीत आणि दिवस बुडे. ज्येष्ठमधाने विषाणू मेला नाही. खोकला मात्र दबला, आणि शेजारच्या यंत्रावरच्या माणसाला काही कळले नाही. घशाला आराम देण्याचा चरकाने सांगितलेला गुण खरा होता, तोच येथे आडवा आला.

दुसरीही एक बाब आहे, ती साथ सरल्यावरही उरली. कापसाच्या तंतूची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, खोकला येतो. गिरणीकामगारांत हा सोमवारचा दमा जुना आहे. कोळशाच्या धुळीचीही तीच कथा. असा माणूस पाच-पाच वर्षे ज्येष्ठमध चघळतो, कारण त्याने ढास थांबते. धूळ कोणी थांबवीत नाही.

औषध खरे की नाही हे ठरवावे कसे, हे आपल्या मुंबईने सव्वाशे वर्षांपूर्वी जगाला दाखविलेले आहे. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन साहेबांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. तुरुंगातल्या कैद्याची खुशी किती खरी असते, हा प्रश्न आहेच. पण त्यांनी दोन्ही बाजू मोजल्या. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, मेला कोणी नाही; न टोचलेल्यांत बारा आजारी पडले आणि सहा मेले. एकच छप्पर, एकच अन्न, फरक फक्त सुईचा. आमच्या फाटकावर पिंपातला काढा सगळ्यांनीच घेतला. जे बरे झाले त्यांनी काढ्याला दुवा दिला आणि जे गेले त्यांना विचारणार कोण?

सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहराच्या डॉक्टरांनी एका माणसाची हकीकत छापली. वय ५४, बांधकामावरचा मजूर. दररोज एक-दीड पुडी ज्येष्ठमधाच्या काळ्या मिठाया खाण्याची सवय त्याला तीनच आठवड्यांपूर्वी लागली होती. खानावळीत बसल्याबसल्या तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. रक्तातले पोटॅशियम तळाला गेले होते. त्याला कोणी विष दिले नव्हते. स्वस्तात मिळणारी गोड वस्तू तो रोज खात होता, एवढेच. युरोपात रोजच्या खाण्यात १०० मिलिग्रामपेक्षा अधिक ग्लिसिरायझिन नसावे असा दंडक सुचविलेला आहे. आपल्या कांडीत ते किती असते हे कांडीवर लिहिलेले नसते, आणि मुळीमुळीत प्रमाण फार बदलते. घसा धरला म्हणून दोन-चार दिवस कांडी चघळणाऱ्या निरोगी माणसाला आम्ही भिववीत नाही. पण ज्याला रक्तदाब आहे, ज्याला लघवीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, जी बाई गरोदर आहे, त्यांनी ती डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. आणि महिनोन्‌महिने तर कोणीच घेऊ नये.

साथीनंतर संघटनेच्या कचेरीत आम्ही रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणून ठेवले. पाळी सुटली की माणसे येतात, बाही वर करून बसतात. ज्याचा दाब चढलेला निघतो त्याला आम्ही तीन प्रश्न विचारतो : तंबाखू किती, मीठ किती, आणि ज्येष्ठमध, काढा, चूर्ण असे काही चालू आहे काय. पहिल्या दोहोंची उत्तरे खाली मान घालून मिळतात. तिसऱ्याला बहुतेक जण हसतात आणि म्हणतात, “ते काय औषध हाय का, भाऊ?”